खंडेनवमीला राहिलेला वायसर

माझी ड्यूटी मशीनवर. मशीन म्हणजे जुनी चेनसॉ. ती आमच्या घरी असते. तिला पुसायचं, तेल भरायचं आणि बोलावणं आलं की जागेवर पोचवायचं, एवढं माझं काम. चालवायचे दुसरे.

पथक आमच्या ह्यांनी उभं केलं. ते फौजेत इंजिनिअर्समध्ये हवालदार होते. पेन्शन घेऊन साखऱ्याकडच्या आमच्या गावी आले, पण त्यांना बसवेना. रस्त्यात झाड पडलं, ओढ्याला पूर आला, की पथक निघायचं. हजेरीला आणि फोनवरसुद्धा बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, असा हुकूम होता. मशीन खोलताना बॅटरी धरायला मीच असायची. त्यामुळे खोलायचं कसं ते मलाही आलं.

त्या साली श्रावणात तांड्याच्या ओढ्यात त्यांनी एका म्हातारीला काठाला लावलं. ते स्वतः वर आले नाहीत.

म्हणून त्या खंडेनवमीला मशीनची पूजा माझ्या दिरांनी, गंगाधर भावजींनी केली. मी दाराआड उभी होते. कुंकवाच्या ताटापुढे मला कोणी बोलावलं नाही. हे दरवर्षी प्लग काढायचे, घासायचे आणि ताटात ठेवून त्याला कुंकू लावायचे. भावजींनीही तसंच केलं आणि प्लग परत बसवला.

चार दिवसांनी दुपारी परतीच्या पावसानं झोडपलं. पाऊस उघडत होता तोच पथकातल्या बबनचा फोन आला.

"तांड्याच्या ओढ्यात कडूलिंब पडला. आपल्या पथकाचा प्रल्हाद फांदीखाली. पाणी चढून राहिलं. मशीन लागती. ओव्हर."

भावजींच्या मोपेडवर मशीन मांडीवर घेऊन मी बसले. पोचलो तेव्हा प्रल्हाद पाण्यात बसलेला. मांडीवर जाड फांदी, पाणी कमरेला. पोरं फांदी उचलायला बघत होती, ती हलत नव्हती.

"हवालदारीणबाई आल्या!" प्रल्हाद ओरडला. "घ्या आता, न्हाईतर पोहायला शिकतो."

भावजींनी मशीनची दोरी ओढली. मशीन गप्प. पुन्हा ओढली. बबननं ओढली. पाणी प्रल्हादच्या बरगडीला लागलं.

"काहून होईना?" बबन म्हणाला. "पेट्रोल हाय ना?"

मी बघत होते. दोरी फार हलकी येत होती. कंप्रेशन धरणारी, म्हणजे हवा आत दाबून ठेवणारी मशीन दोरीला अडवते, हात मागे खेचते. ही नुसती सुटत होती.

मी म्हणाले, "कंप्रेशन न्हाई."

कोणाला ऐकू गेलं नाही. मग मी मशीनच ओढून घेतली. "भावजी, द्या इकडं!"

मी प्लग काढला, आत तेलाचे चार थेंब सोडले, प्लग पुसून बसवला आणि दोरी ओढली. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलानं फट भरून दोरी जड झाली असती. तेवढीच हलकी आली. म्हणजे रिंगा बऱ्या होत्या, हवा दुसरीकडून जात होती. प्लगच्या बुडाशी पावसाचं पाणी साचलं होतं. पुन्हा ओढली, तर त्या पाण्यात बुडबुडे!

प्लग परत काढून बघितला. खाली तांब्याचा वायसर, फट बंद करणारी चकती, नव्हताच.

"भावजी, तुमच्या गाडीचा प्लग काढा."

"माझ्या गाडीचा? मग मी घरी कसा जाऊ?"

"चालत!" प्रल्हाद पाण्यातून ओरडला. "मी येतो सोबत!"

मोपेडचा प्लग लांब होता, आत पिस्टनला लागला असता. त्याचा नुसता वायसर फिरवून काढला, आमच्या प्लगवर चढवला आणि प्लग आवळला. दोरी ओढली, तर तिनं माझा हात मागे खेचला. मी हसलेच. पुढच्या झटक्याला मशीन पेटली!

बबननं हात पुढे केला. मी मशीन दिली नाही. प्रल्हादच्या छातीला पाणी होतं. दोघांनी फांदी पेलली. मी काठाच्या बाजूनं आधी खालून थोडी कापली, मग वरून. धूर, भुसा, पाणी, सगळं तोंडावर. फांदी कडकन् तुटली आणि पोरांनी प्रल्हादला वर ओढला. पाय मोडला होता, पण माणूस बोलत होता.

"काय वाजली मशीन!" तो म्हणत होता. "काय वाजली!"

घरी आले तेव्हा पूजेचं ताट फडताळावर तसंच होतं. वायसर त्यात होता, वाळलेल्या कुंकवात चिकटलेला. भावजींनी तो बघितला.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. "वहिनी, तुमी बसा."

प्लगला मी कुंकू लावलं, वायसरसकट बसवला. दरवर्षी पूजेनंतर पथक रांगेत उभं राहतं, हजेरी होते. ती भावजी घेतात. सगळ्यांचं झालं की शेवटी ह्यांचं नाव घेतात, "हवालदार किसन."

त्या नावाला ओव्हर कोणी म्हणत नाही. सगळे ताठ उभे असतात. प्रल्हादही काठी टेकून येतो.

मग मी दोरी ओढते.