दगडावरचं सातवं नाव

लोकांना वाटतं, चौतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली म्हणजे या माणसाकडे किस्स्यांचा नुसता साठा असणार. चूक! एसटीत किस्सा रंगात येईपर्यंत माणसाचा स्टॉप येतो. किस्से जमतात ते कमिटीत. तिथून कोणी उतरतच नाही.

आमची कमिटी म्हणजे महायुद्ध शताब्दी कमिटी. सावर्ड्यापासून आत आमचं गाव. पहिलं महायुद्ध संपून शंभर वर्षं होणार म्हणून तालुक्याहून पत्र आलं, की ज्या गावांतून सैनिक गेले त्या गावांनी संस्कृती, शांतता आणि सलोखा यांना धरून एक कार्यक्रम करावा. अध्यक्ष झाले आबा सुर्वे. आबांचं अख्खं आयुष्य परदेशी बोटींवर खलाशी म्हणून गेलं. दुसरे गंगाराम हवालदार, बौद्धवाडीतले, सैन्यातून रिटायर. तिसरी अंगणवाडीची सुनीता, कारण कॉम्प्युटर फक्त तिला येतो. आणि सेक्रेटरी मी. "मास्तराला हलत्या गाडीत लिहायची सवय हाय," आबा म्हणाले, "आपली कमिटी काय त्याच्याहून जास्त हलणार नाय!"

ऐकताना हसू आलं तर हसा. आम्हीही हसलो. शेवटी शेवटी मात्र जमलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

*

पहिली मीटिंग रेशनच्या दुकानात. कारण जुनी चावडी ती हीच, आणि तिच्या भिंतीत लढाईचा दगड बसवलेला. रॉकेलचं पिंप सरकवलं, ओल्या फडक्यानं पुसलं, तेव्हा अक्षरं दिसली. या गावातून महायुद्धावर गेले बावीस. पैकी कामी आले सात. बस्स, एवढंच!

आबांनी चष्मा वर केला, खाली केला. "आणि नावां?"

दगडाच्या चारी बाजू चाचपून झाल्या. नावं नव्हती.

"साहेबानं मोजले फक्त," गंगाराम हवालदार म्हणाले. त्यांचा पणजोबा त्या सातांतला. तो माणूस लहानपणापासून त्या दुकानात रांगेत उभा राहत आला होता, आणि आपला पणजोबा पिंपामागच्या एका आकड्यात आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.  मी वहीत पहिला ठराव लिहिला, की सातही नावं शोधायची आणि नवीन दगडावर कोरायची.

*

नावं शोधायला घरोघर फिरलो. आमच्याकडे त्या लढाईला लढाई कोणी म्हणत नाही. "आमचा पणजा बसऱ्याला गेला," असंच म्हणतात, जसं काही नोकरीला गेला! बसरा म्हणजे इराकातलं बंदर, तिथे आमची माणसं तुर्कांशी लढली.

खालच्या वाडीतला दत्ताराम दरवर्षी शिमग्यात सांगायचा, की माझ्या पणज्यानं तीन जर्मन संगिनीनं लोळवले. चौथ्या वेळी सांगताना ते पाच व्हायचे. सुनीतानं कॉम्प्युटरवर सैन्याची जुनी यादी काढली. त्यात पणजोबांच्या नावापुढे लिहिलेलं, खेचर हाकणारा, तापानं मृत्यू.

दत्ताराम असा भडकला! "मंग खेचराचाच नाव घाला दगडावर! आमचां कशाला?"

गंगाराम हवालदार शांतपणे त्याच्या ओटीवर बसले. म्हणाले, "दत्ताराम, मी डोंगरावर ड्युटी केलेय. वर पाणी खेचरावरनंच येतं. एकदा दोन दिवस खेचरवाला वर आला नाय. आमी कपड्यावर पडलेला दव चोखला. तुजा पणजा काय व्हता, तां मला विचार."

 यंदाच्या शिमग्यात दत्तारामनं जर्मन एकही मारला नाही.

*

मग आला मानपान! पहिलं नाव कोणाचं? आमच्या गावात पालखीला खांदा आधी कोणी द्यायचा यावरून दोन भावक्या सात वर्षं बोलत नव्हत्या. दगड तर कायमचा. चार मीटिंगा गेल्या. मी वहीत "चर्चा झाली" एवढंच लिहायचो, कारण खरं काय झालं ते लिहिण्यासारखं नसायचं.

चौथ्या मीटिंगला मागून एक जण पुटपुटला, "बौद्धवाडीचा नाव खाली ऱ्हाऊ दे."

हवालदार उभे राहिले. मला वाटलं, आता कमिटी संपली. ते एवढंच म्हणाले, "मेले तेवा कोण वर व्हता, कोण खाली, तां बसऱ्याला जाऊन विचारून या."

एवढ्यात आबांनी टेबलावर थाप मारली. "बोटीवर कॅप्टनविरुद्ध अर्ज करायचा असला तर आम्ही सह्या गोल करायचो. गोलात पहिला कोण तां देवालापन कळत नाय! नावां गोल कोरा."

ठराव पास! पुटपुटणारा जाताना हवालदारांसमोर थांबला आणि म्हणाला, "चुकलां माजां." हवालदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सलोख्याचं पत्र तालुक्याहून आलं होतं, पण सलोखा म्हणून जे काही झालं ते एवढंच.

*

नाही, आणखी एकदा झाला. संस्कृती म्हणून गावच्या नमन मंडळाला, म्हणजे आमच्या लोकनाट्यवाल्यांना, सांगितलं, की लढाईचा एक प्रवेश बसवा. आपले सैनिक तयार झाले, लाकडी बंदुका झाल्या, पण तुर्क व्हायला कोणी तयार होईना. शेवटी एकाला सुचलं, हसनभाईला विचारू. हसनभाई मिरकरवाड्याहून टेंपोनं मासळी आणतो. अख्खं गाव त्याचं गिऱ्हाईक, आणि माणूस हौशी.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. बर्फात हात तसाच ठेवून विचारलं, "म्हणजे मी येनार, तुमी मना गोली मारनार, नि लोका टाल्या वाजवनार?"

"नाटकात रे!"

"हां, नाटकातच. पन पोरा बगायला येतील ना माजी."

मंडळाचे लोक माना खाली घालून परत आले. लाकडी बंदुका चुलीत गेल्या. नवीन प्रवेश असा बसवला, की दोन बाजूंचे दोन जखमी एकाच झाडाखाली पडलेत आणि एकमेकांना आपापल्या घरचं सांगतायत. त्यातला एक हसनभाई झाला. त्याला पाठांतर अजिबात नव्हतं. त्यानं सरळ स्वतःच्या घरचंच सांगितलं, आणि तालमीत पेटीवाला रडला!

*

एवढं सगळं होईपर्यंत सहा नावं पक्की झाली होती. सावर्ड्याच्या दगडवाल्यानं गोलाचे सात भाग आखले होते. सातवं नाव यादीत स्पष्ट होतं. महादेव साळवी. घरही माहीत. घरात वत्सलाकाकी एकट्या, वय ऐंशीच्या पुढे, मुलगा मुंबईला. महादेव हा काकींचा सासरा.

आम्ही चौघं गेलो. सुनीतानं कागद दाखवला. काकी म्हणाल्या, "नाव घालू नका."

आम्हाला वाटलं, मानपान. तसं नव्हतं.

महादेव बसऱ्याला गेला तेव्हा त्याची बायको पार्वती सोळा वर्षांची, पोटात मूल. तो गेल्याची तार काही घरात पोचली नाही. दोन वर्षांनी कारकून कागद घेऊन आला, म्हणाला, "अंगठा उठवा, विधवेचं पेन्शन मिळेल." पार्वतीनं हात पाठीमागे घेतले. "मी विधवा नाय," म्हणाली. अंगठा दिला नाही. लोकांच्या शेतात लावणी केली, डोक्यावरून लाकडाचे भारे वाहिले, मुलाला वाढवलं, आणि साठ वर्षं कपाळाला कुंकू लावलं. शेवटी डोळे गेले, तेव्हा ते कुंकू वत्सलाकाकी लावून द्यायच्या.

"हिरव्या लुगड्यात गेली ती, ओटी भरून. आजपन पितृपक्षात नवमीला मी तिच्या नावानं सवाशीण जेवायला घालते. आता तुमी दगडावर लिवणार, तो तेवाच मेला. मंग मी तिला लावलां तां कुकू काय खोटां व्हता?"

आणि इथे मी माती खाल्ली. चौतीस वर्षं लोकांशी वाद घालून तोंडाला वळण लागलंय. मी म्हटलं, "काकी, पण तो मेलाच आहे ना! शंभर वर्षं झाली. आता काय परत येणार आहे?"

काकी उठल्या. "चा घेऊन जावा," म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा शेजारणीनं आणून दिला. काकी परत बाहेर आल्या नाहीत.

वाटेत आबा आणि हवालदार मला मागे टाकून पुढे चालत राहिले. सुनीता तेवढी म्हणाली, "मास्तर, तुम्ही ना!" मला माझी लाज वाटली. आजही वाटते.

*

आठ दिवसांनी एकटाच गेलो, माफी मागायला. काकी अंगणात कुळीथ पाखडत होत्या. मी म्हटलं, "काकी, माझं चुकलं. सातवी जागा आम्ही रिकामी सोडतो. तुम्हाला कोणी काही विचारणार नाही."

काकींनी सूप खाली ठेवलं.

"माज्या घोवाला, म्हंजे तिच्या पोराला तरी काय कमी तरास झाला?" त्या म्हणाल्या. "त्यानं बापाचां श्राद्ध कधी घातला नाय. कसा घालणार? आवस समोर कुकू लावून बसलेली. तो मरताना मला म्हनला, 'बापाला मी घोटभर पानी नाय दिला गो कधी.' मास्तर, पानी दिलां तर सासू विधवा व्हते. नाय दिलां तर सासरा तहानलेला ऱ्हातो. मी काय करू, सांग तू."

मी तिथेच पायरीवर बसून रडलो. काकीच मला म्हणाल्या, "गप, गप. शेजारी बगतील."

मग बराच वेळ त्या कुळीथ निवडत राहिल्या आणि मी खडे वेचायला मदत केली. निघताना त्यांनी फक्त एक विचारलं. "दगडवाला सावर्ड्यात खंय बसतो?"

*

तिसऱ्या दिवशी दगडवाल्याचा फोन. आवाज रडकुंडीला आलेला. "मास्तर, लवकर या! एक म्हातारी सकाळच्या गाडीनं आलेय. माझ्या दगडावरच बसलेय. नाव कोरल्याशिवाय उठणार नाय म्हणते!"

मी, आबा आणि हवालदार रिक्षा करून पोचलो. काकी खरोखरच दगडावर बसल्या होत्या, शेजारी पाण्याची बाटली आणि भाकरीचं गाठोडं. हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान, त्यामागे स्वतःच्या अक्षरात एक नाव. चौथीपर्यंत शिकलेल्या. मी वाचलं आणि हवालदारांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि आबांकडे दिलं.

सौ. पार्वती महादेव साळवी.

"सात कामी आले लिवलंय ना तुमच्या जुन्या दगडावर?" काकी म्हणाल्या. "मंग सातवी ही. त्याचां नाव मदी येतां. तेवढां त्याला पुरे."

आबांनी अध्यक्ष म्हणून घसा खाकरला. यादीत हे नाव नाही, वरून विचारणा होईल, असं काहीतरी ते बोलणार होते. हवालदारांनी त्यांच्याकडे पाहिलं. आबा म्हणाले, "माझी काय हरकत नाय."

दगडवाला धंद्याचा माणूस. त्यानं विचारलं, "आजी, बाई हयात नाहीत ना? मग पुढे कै. लावायचं का?"

"लाव. ती मेली तां खरांच हाय," काकी म्हणाल्या. "पन सौ. सोडू नको."

पहिलं अक्षर कोरून होईपर्यंत त्या दगडाच्या कडेला तेवढ्या सरकल्या, उठल्या नाहीत. मग मात्र उठल्या, गाठोडं सोडलं आणि आम्हा सगळ्यांना, दगडवाल्यालासुद्धा, अर्धी अर्धी भाकरी दिली.

*

कार्यक्रम झाला. नमनाचा प्रवेश झाला, हसनभाईची पोरं पहिल्या रांगेत बसली होती. शांततेवर एक भाषण झालं, ते फार लांबलं. प्रमुख पाहुणे म्हणून सैन्यातून रिटायर झालेले एक मोठे अधिकारी आले होते. पडदा त्यांच्या हस्ते बाजूला झाला. हवालदार जुना युनिफॉर्म घालून, सगळी पदकं लावून दगडाच्या उजव्या हाताला उभे होते. काकींना आम्ही खुर्ची दिली होती, पण त्या उभ्याच राहिल्या.

अधिकारी भला माणूस. गोलाभोवती मान फिरवत त्यांनी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचलं आणि प्रत्येक नावाला एक फूल वाहिलं. सहा झाली. सातव्यापाशी फूल हातातच राहिलं. त्यांनी ते नाव मनातल्या मनात पुन्हा वाचलं. आबांनी माझा हात घट्ट धरला. काकींनी डोळे मिटले होते.

अधिकारी हवालदारांकडे वळले आणि हळू आवाजात विचारलं, "या बाई कुठल्या पलटणीत होत्या?"

हवालदारांनी टाचा जुळवल्या, कडक सॅल्यूट ठोकला.

"पलटण नव्हती, साहेब. एकट्याच होत्या."