तळ्यामागची झाडी

लग्न होऊन मी साताऱ्याकडून बंगळूरला आले, असं माहेरी सगळ्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात आमचं घर शहराबाहेर, येलहंक्याच्याही पुढे, देवनहळ्ळीच्या रस्त्यावरून आत वळलेल्या एका लहानशा गावात होतं. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर राहायला म्हणून ते बांधलं, पण फार दिवस राहायच्या आत ते गेले. सासूबाई त्याआधीच गेलेल्या. घरात आम्ही दोघंच. नवरा बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर होता. सकाळी डबा घेऊन निघायचा आणि बस बदलत बदलत दिवेलागणीला परत यायचा.

त्याचं घराणं बंगळूरचं जुनं मराठी. त्याच्या बोलण्यात मराठीइतकंच कानडी. तो आला की थोडंफार बोलणं व्हायचं, पण दिवसभर माझी भाषा ऐकायला कुणी नसे. मी कानडी शिकत होते. शेजारणींच्या ओट्यावर जाऊन बसायची. त्यांचं बोलणं भरधाव पुढे निघून जायचं. सगळ्या हसल्या की मीही हसायची, जरा उशिरानं.

बायका माझ्याशी मोकळेपणानं बोलायच्या ती एकच जागा होती, तळ्यामागची झाडी. गावात कुणाच्या घरी संडास नव्हता. सासरे शहरातले, म्हणून आमच्या घरी तेवढा होता. पण उजाडायच्या आत शेजारीण दारावरून जाताना हाक मारायची, "अक्का, बर्तीरा? येताय ना?" आणि मी हातात तांब्या घेऊन तिच्यामागे निघायची. गरज म्हणून नाही, सोबत म्हणून. तिथे जाता-येता कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या नवऱ्याचं पिणं, कुणाची दुखरी कंबर, सगळं मला हळूहळू सांगितलं जायचं. अंधारात माझ्या चुकलेल्या कानडीला कुणी हसायचं नाही.

मग पंचायतींचा नवा कायदा आला आणि काही जागा बायकांसाठी राखून ठेवल्या गेल्या. आमच्या गावाची जागा त्यात आली. गावात दोन घरं मोठी होती आणि दोन्हींचं एकमेकांशी पटत नव्हतं. एकानं आपली सून पुढे केली की दुसरा अडवायचा. शेवटी एका रविवारी दोन्हीकडची मंडळी एकत्र आमच्या अंगणात आली. पुढे गावातले एक वडीलधारे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. ते माझ्या नवऱ्याशी बोलले. मी दारात उभी होते.

"तुमच्या मंडळींना उभं करू या. शिकलेल्या आहेत."

"तिला कानडी धड येत नाही, अण्णा," नवरा म्हणाला.

"तेच बरं," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मग अण्णा समजावणीच्या सुरात म्हणाले, "त्यांचं इथे कुणी नाही. म्हणजे त्या कुणाच्याच नाहीत. भांडण मिटेल."

मी बिनविरोध निवडून आले. नवऱ्यानं येलहंक्याहून म्हैसूरपाक आणला आणि आठवडाभर मला 'मेंबरबाई' म्हणून चिडवलं. त्याला खरंच आनंद झाला होता. माझ्या कानात मात्र अण्णांचं ते वाक्य अडकून बसलं होतं. माझं इथे कुणी नाही, हे माझ्या अंगणात उभं राहून कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

पंचायतीच्या बैठकीत आणखी दोघी बायका सभासद होत्या, आजूबाजूच्या गावांतल्या. त्या यायच्याच नाहीत. एकीचा नवरा यायचा, दुसरीचा दीर. माझा नवरा कारखान्यात, त्यामुळे मलाच जावं लागे. अण्णा सभासद नव्हते, तरी बैठक तेच चालवायचे. भिंतीजवळची खुर्ची माझी. तिच्या शेजारची कुणी घेत नसे. काय करायचं ते आधीच फाट्यावरच्या हॉटेलात ठरलेलं असायचं. बैठकीत नुसतं बोलून दाखवायचे, मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणायचं, "सरी ना, अक्का?" आणि मी म्हणायची, "सरी." ठीक आहे. चहा यायचा. मी तो घेत नसे, कारण त्या इमारतीत बायकांनी जायची सोय नव्हती.

असंच वर्ष गेलं असेल. एका बैठकीत विषय निघाला तळ्यामागच्या झाडीचा. ती पंचायतीची जागा होती. रस्त्याकडेच्या शेतांचे प्लॉट पडायला लागले होते, म्हणून कुणी ती बळकावायच्या आत तिला कुंपण घालू, पुढच्या वेळी ठराव करू, असं अण्णा म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. मी घरी आले आणि मला जेवण जाईना. तिथे गावातल्या सगळ्या बायका जातात, हे त्या खोलीतल्या एकालाही आठवलं नव्हतं. का आठवलं नसेल, तेही मला कळत होतं. आमच्याकडेही ही गोष्ट पुरुषांसमोर काढत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शेजारणीला विचारलं, "आम्ही परसाकडे जाणं म्हणतो, त्याला चारचौघांत काय म्हणायचं?"

तिनं तोंडाला पदर लावला. "बयलकडे म्हणतात. पण चारचौघांत कशाला म्हणायचंय तुम्हाला?"

मी सांगितलं नाही.

पुढच्या बैठकीत अण्णांनी ठराव वाचला आणि नेहमीसारखं कुणीतरी म्हणालं, "सरी ना, अक्का?"

मी उभी राहिले. पाठ केलेलं वाक्य म्हणायला सुरुवात केली आणि नेमकं त्याच वेळी येलहंक्याच्या हवाई दलाच्या तळावरचं विमान डोक्यावरून गेलं. छपराचे पत्रे थडथडले. माझे ओठ हलताना सगळ्यांना दिसत होते, शब्द कुणालाच ऐकू गेले नाहीत.

आवाज विरल्यावर अण्णा म्हणाले, "काय म्हणालात, अक्का?"

पहिल्यांदा बोलायला जेवढा धीर लागला, त्याहून जास्त ते पुन्हा म्हणायला लागला. "सरी नाही. बायका तिथे बयलकडे जातात. कुंपण घातलं तर कुठे जायचं?"

एकानं खाली पाहिलं. एक उठून बाहेर गेला. अण्णांचा चेहरा लाल झाला, पण ते ओरडले नाहीत. "ही घरातली गोष्ट आहे, अक्का," ते हळूच म्हणाले.

"घरात सोय असती तर घरातली झाली असती," मी म्हणाले. माझं कानडी तिथेच संपलं. मी खाली बसले.

ठराव त्या दिवशी झाला नाही. संध्याकाळी नवरा घरी आला. बसमध्येच कुणीतरी त्याला सांगितलं होतं. जेवण झाल्यावर म्हणाला, "मला आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर?"

"बोलू नकोस म्हणालो असतो."

"म्हणूनच."

तो ताट उचलून मोरीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे हाक आली नाही. बायकांच्या बांगड्या वाजत माझ्या दारावरून पुढे गेल्या. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. दुपारी मी शेजारणीच्या ओट्यावर गेले, तर ती तांदूळ निवडत राहिली.

"आमची अब्रू पुरुषांपुढे मांडलीत," ती मान वर न करता म्हणाली. "तुमच्या घरात सगळं आहे. तुम्हाला काय?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्या पहाटेच्या सोबतीचं होतं. ते कानडीत कसं म्हणायचं मला ठाऊक नव्हतं. मराठीतही म्हणता आलं असतं की नाही, कोण जाणे.

नंतरच्या एका बैठकीला दोघींपैकी एक सभासद, जिचा दीर यायचा ती, स्वतः आली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली. परतताना फाट्यापर्यंत आम्ही बरोबर चाललो. वळणावर ती म्हणाली, "तुम्ही बोललात ते मला जन्मात जमलं नसतं." मी तिला घरी बोलावलं. ती म्हणाली, "नको. घरी आवडणार नाही." आणि भराभर निघून गेली.

कुंपण झालं, पण तळ्याकडची बाजू मोकळी सोडून. ती मोकळी का ठेवली, हे कुणी कुठे लिहिलं नाही की बोललं नाही. शाळेमागे बायकांसाठी संडासही बांधले गेले. त्यांना पाणी यायला इतका वेळ लागला, की तोवर एकात कुणीतरी सरपण भरून ठेवलं होतं. बायका झाडीतच जात राहिल्या. मी माझ्या घरात कड्या लावून राहायला शिकले.

माझी मुदत संपली. पुढच्या वेळी गावाची जागा बायकांसाठी राखीव नव्हती. दोन्ही मोठ्या घरांनी आपापले पुरुष उभे केले. आमच्या अंगणात कुणी आलं नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेत बायकांच्या रांगेत शेजारीण माझ्या पुढे होती. ऊन चढलं होतं. बऱ्याच वेळानं ती वळली.

"या खेपेला तुम्ही नाही?"

"नाही. या खेपेला जागा बायकांची नाही."

"मग बाईनं उभं राहायचंच नाही का?"

"राहता येतं. पण मला कुणी विचारलं नाही."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मीही नाही विचारलं," ती म्हणाली. रांग पुढे सरकली आणि ती आत गेली.