मालिकेकडून शिकलेली मराठी

चंदीगडला माझी नात हिंदीतच बोलते, म्हणून मी तिला रोज शेजारी बसवून एक मराठी मालिका दाखवायचे. आधी त्यातली बाई खानावळ चालवायची. नात तिच्यामुळे ‘मीठ बेताचं घाल’ म्हणायला शिकली. पुढे मालिका लांबली आणि लिहिणाऱ्यांच्या कल्पना आटल्या. खानावळ गेली, विषप्रयोग आले, बाईची स्मृती तर तीनदा गेली. परवा तिच्या आत्याने फोनवर विचारलं, "कशी आहेस गं?" नात प्रेमाने म्हणाली, "तुमचा सर्वनाश अटळ आहे, आत्या." आत्या हसली, माझा मात्र संताप झाला. लोक बघतात म्हणून काहीही ओढत न्यायचं? मी टीव्ही बंद केला.

"आजी, अब मराठी किससे सीखूं?"

"माझ्याकडून. चल बाजारात. सगळा सेक्टर २२ फिरेपर्यंत हिंदी बोलायची नाही."