तीन नंबरच्या पॉन्डमधला गाळ

१२ जून, बुधवार. सकाळी कडक ऊन, दुपारून ढग, वारा अजिबात नाही.

तपासणीवरून परतलो की वहीत मी पहिल्यांदा हे लिहितो. मग काय पाहिलं ते. अहवालात जे मावत नाही ते सगळं या वहीत येऊन पडतं. अशा सात वह्या झाल्या. नवा रायपूरच्या आमच्या ऑफिसात चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "घोरमाडे, खाणीचा एखादा किस्सा होऊन जाऊ द्या!" एखादा कसा सांगणार? एक ओढला की मागून दहा निघतात.

आमचं काम तसं सोपं आहे. उघड्या कोळसा-खाणीभोवती उपसलेल्या मातीचे डोंगर असतात. पावसात त्यांच्यावरून काळं पाणी वाहतं. ते नाल्यांतून पॉन्डमध्ये आणायचं, गाळ तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी पुढे सोडायचं. हे सगळं जागेवर आहे का, ते पावसाळ्याआधी जाऊन पाहायचं. पाहणारे आम्ही तिघं: उमाठे साहेब, ड्रायव्हर संतराम, आणि बाटल्या, बांबू, वही सांभाळणारा मी.

हे सगळे किस्से एकाच खाणीचे. तिच्या तीन नंबरच्या पॉन्डच्या बांधाखाली एक पारा, म्हणजे वस्ती, आहे. वीसेक घरं आणि त्यांचं एकच तळं. आंघोळ, गुरं, मासोळ्या, सगळं त्या तळ्यावर. तीन नंबर गाळाने भरत आला होता. पावसाआधी उपसला नाही तर तो गाळ कुठे जाईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

पण आमच्याकडे इंजिनिअर होते!

* * *

उमाठे साहेब तपासणी गाडीतून करतात. काच बंद, एसी चालू.

"दिसून राहिला ना पॉन्ड? मग झालं."

मी म्हटलं, "साहेब, खोली मोजावी लागते."

"घोरमाडे, पाणी काळं आहे की नाही? खोल असल्याबिगर काळं दिसते का?"

संतरामने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला.

अहवालात एक रकाना आहे: 'पायी फिरून पाहणी केली का?' साहेबांनी लिहिलं, 'होय, दोन वेळा.' ते खोटं नव्हतं. एकदा गेस्ट हाऊसच्या पायऱ्या चढताना आणि एकदा उतरताना!

* * *

खाणीभोवती हार घातल्यासारखी एक नाली असावी लागते. तिला गारलँड ड्रेन म्हणतात. नकाशात ती चार फूट रुंद होती. जागेवर गेलो तर जमिनीवर चुन्याच्या दोन रेघा आणि शेजारी नवी कोरी पाटी: 'गारलँड ड्रेन'.

खाणीचे पर्यावरण अधिकारी तिवारीजी म्हणाले, "सर, काम प्रगति पर है. बस खुदाई बाकी है."

त्या दिवशी फोटो काढायचा होता म्हणून साहेब गाडीतून उतरले होते. फाइल काखेत धरून चालत चालत ते पहिल्या रेघेपाशी आले. थांबले. पँट घोट्यापासून जरा वर धरली, आणि उडी मारून थेट पलीकडे!

तिवारीजी धावले. "संभलके सर, गहरा है!"

* * *

पाण्याचे नमुने घेणं माझं काम. एका वर्षी मी बाटल्या काढायला डिक्की उघडतो तर तिवारीजींनी भरलेल्या बाटल्या समोर आणून ठेवल्या. लेबल लावलेल्या, झाकणं घट्ट.

"घोरमाडेजी, इतनी धूप में आप कहाँ जाएँगे?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "ठेवा. माणूस प्रेमानं देऊन राहिला."

वहीत मी लिहून ठेवलं: बाटल्या थंडगार. चार दिवसांनी लॅबमधल्या दीदींचा फोन आला. "भैया, ये कहाँ का पानी ले आए? ये तो फिल्टर का है. बढ़िया है, पीने लायक!"

मला वाटलं, आता तरी साहेबांना लाज वाटेल. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि टेबलावर थाप मारली. "पाहा! खाणीचं पाणी प्यायच्या लायकीचं हाय अन् लोकं उगीच बोंबलून राहिले!"

* * *

खाणीला दरवर्षी पॉन्डचे फोटो पाठवावे लागतात. एका वर्षी आलेला फोटो फारच सुंदर होता. निळं पाणी, काठावर हिरवळ, फरसबंदी. कोपऱ्यात काहीतरी पांढरं दिसलं म्हणून मी चष्मा पुसून पाहिलं. पायाने चालवायची होडी. हंसाच्या आकाराची!

फोटो साहेबांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ निरखला.

"काहून, मजुरांले करमणूक नको का?"

आणि सही केली.

* * *

आता त्या १२ जूनबद्दल. साहेब गेस्ट हाऊसमध्ये जेवत होते, म्हणून मी एकटाच पाऱ्याचं तळं मोजून तीन नंबरवर गेलो. काठाला मोजपट्टी रोवलेली होती आणि तिच्यावर दोन मीटर पाणी दिसत होतं. पॉन्डच्या मधोमध एक बगळा उभा होता. त्याचे गुडघे कोरडे होते.

बांबू घातला. पाणी अर्धा फूट, खाली निव्वळ गाळ. बांधाला पाऱ्याच्या बाजूने ओल फुटलेली. तीन ठिकाणी. मी दगड ठेवून खुणा केल्या.

खालून फुलबाई वर आल्या. पाऱ्यातल्या बायकांनी गट करून तळ्यात मासोळीचं बी सोडलं होतं, त्या गटाच्या त्या प्रमुख. तेवढ्यात साहेबांची गाडीही आली. फुलबाई काचेपाशी जाऊन म्हणाल्या, "साहब, बांध रिस रहा है. टूटेगा तो हमारा तरिया पट जाएगा."

तरिया म्हणजे त्यांचं तळं; ते गाळाने बुजेल, असं त्या सांगत होत्या. साहेबांनी काच चार बोटं खाली केली. "बाई, सब लिख लिया है."

"हव साहब. पिछले साल भी लिखे थे. इतना लिखा हुआ रखते कहाँ हो?"

संतराम खोकला. काच वर गेली.

अहवालात मी लिहिलं, 'पॉन्ड तीन: गाळाने भरलेला. बांध झिरपतो. पावसाआधी ताबडतोब उपसावा.' साहेबांनी 'ताबडतोब' खोडलं. "काहून घाबरवून राहिले लोकांले?" मग 'पावसाआधी' खोडलं. 'बांध झिरपतो' याच्यावर पेन थांबलं, तेव्हा मला वाटलं, हे तरी राहील. त्याच्या जागी 'बांधाला नैसर्गिक ओलावा आहे' असं आलं. खाली खाणीला सूचना: 'गाळ यथावकाश काढून अनुपालन कळवावे.'

माझ्या मूळ मसुद्याची एक प्रत मी आवक विभागात देऊन शिक्का घेतला. विभागाने ती अभिप्रायासाठी उमाठे साहेबांकडे पाठवली.

* * *

२६ जुलै, शुक्रवार. तीन दिवसांनी उघडीप. ऊन, जमीन चिकट.

बांध मंगळवारी दुपारी फुटला होता. पाऱ्यातली माणसं शेतात होती, कोणाला लागलं नाही. आम्हाला अनुपालन तपासायला बोलावलं. पत्र तिवारीजींचं होतं.

साहेब या वेळी आपणहून उतरले. तीन नंबर रिकामा होता. तळ दिसत होता, कडा खरवडल्यासारख्या स्वच्छ. फुटलेल्या जागी तिवारीजींनी मातीची पोती लावून ठेवली होती.

"मोजा, घोरमाडे!"

मोजलं. पोत्यांच्या माथ्यापासून तळापर्यंत नऊ फूट.

"पाहा! तुम्ही म्हणून राहिले होते, गाळ निघणार नाही."

तिवारीजी हात जोडून म्हणाले, "सर, आपका मार्गदर्शन."

साहेबांनी बॉनेटवर फॉर्म ठेवून तिथेच भरला. गाळ काढला का? होय. मुदतीत? होय. काढलेला गाळ खाणीच्या हद्दीत पडून आहे का? नाही. शेरा: 'समाधानकारक. प्रकरण बंद.'

मी बांबू घेऊन खाली पाऱ्याच्या तळ्याकडे उतरलो. फुलबाई काठावर उभ्या होत्या. मी आत गेलो तेव्हा बांबूचं दुसरं टोक धरून त्याही मागोमाग आल्या.

पाऱ्याचं तळं. जूनमध्ये मधोमध सात फूट. आज मधोमध पाणी चार इंच, खाली निव्वळ गाळ, मासोळी नाही.