डावा पीळ

मिस्त्री डावखुरा होता आणि त्याचा त्याला कोण अभिमान! हातोडा डाव्या हातात, वेल्डिंगचा दांडा डाव्या हातात, आणि वेळ आलीच तर थप्पडही डाव्याच हाताची. लोखंडी गोल जिने करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बापही लोखंडाचंच काम करायचा, तोही डावराच. "बापावर गेलास रे," असं म्हातारी माणसं म्हणत आणि हा फुलून जाई.

बापाच्या शेवटच्या दिवसांचा विषय मात्र कुणी त्याच्यासमोर काढत नसे. चाळिशी उलटली आणि त्या माणसाचे हातपाय आपोआप उडायला लागले. खुर्चीत बसला तरी पाय नाचत. दारूच्या थेंबाला कधी न शिवलेल्या त्या भल्या माणसाला लोकांनी बेवडा ठरवलं, पोरांनी 'भिंगरी' नाव पाडलं. शेवटी घास गिळता येईना. तो गेला आणि मिस्त्रीने त्या सगळ्यावर पडदा टाकला. बायकोला लग्नानंतर कळलं, मुलीला कधीच नाही. आजोबा पडल्याचं निमित्त होऊन गेले, एवढंच तिला ठाऊक.

अलीकडे मिस्त्रीचीही वेल्डिंगची रेघ वाकडी जाऊ लागली होती. डाव्या पायाची बोटं बुटात वळवळत. त्याने आधी चष्म्याला दोष दिला, मग विजेच्या दाबाला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. याला तर नाच न शिकताच येत होता.

अशात कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या बाई काम घेऊन आल्या. डीएनएचा माणसापेक्षा उंच नमुना त्यांना दारात उभा करायचा होता.

"तुमच्या जिन्यासारखंच आहे," त्या म्हणाल्या. "दोन पट्ट्या, मध्ये पायऱ्या, आणि सगळ्याला पीळ. पायरी अर्धी लाल असली तर उरलेली अर्धी पिवळीच. अर्धी निळी, तर उरलेली हिरवीच. दुसरी जोडी जमत नाही."

"हे कुणी पाहिलंय?"

"डोळ्यांनी नाही. एका प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी फोटो काढला, त्यात दिसली नुसती ठिपक्यांची फुली. जाणकारांनी त्या फुलीवरून पीळ ओळखला."

"आणि हा करतो काय आपल्या अंगात?"

"स्वतःची नक्कल. मधून उसवतो, आणि प्रत्येक अर्धा भाग आपला जोडीदार पुन्हा जुळवून घेतो. एकाचे दोन होतात. मुळात चूक असली, तर तीही इमानाने उतरते. बापाची लेकरात."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. कामाला मात्र तो नाही म्हणाला नाही.

नमुना झाला, रंग वाळला. बाई बघायला आल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "मिस्त्री, पीळ उलटा पडलाय हो. हा स्क्रूच्या आट्यांसारखा उजवा हवा. तुमचा डावा झालाय."

"हात्तिच्या, एवढंच ना!" त्याने दोघा कारागिरांना हाक मारली आणि वरचं टोक खाली करून नमुना उभा केला. पीळ डावाच. आडवा करून पाहिला, पुन्हा उभा केला. डावाच. कारागीर तोंडावर फडकी धरून हसू लागले.

"कसाही धरा, बदलायचा नाही," बाईही हसल्या. "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं."

मिस्त्री हसला नाही. कारागीर चहाला गेले तेव्हा त्याने बापाचं सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही परक्या बाईला. मग विचारलं, "माझ्यात उतरलं असेल, तर ते मुलीकडे जातंच का?"

बाई म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही. पण असं एक दुखणं आहे. बापाला असलं तर मुलीला येण्याची शक्यता निम्मी. तपासणी होते. करायची की नाही ते तिचं तिने ठरवायचं. पण त्यासाठी तिला आधी ठाऊक तर हवं."

घरी त्याने बायकोला हे सांगितलं. ती कळवळून म्हणाली, "आता नको हो. दिवस गेलेत पोरीला. तिचा जीव टांगणीला लावून काय मिळणार?" तिचं चुकत होतं असं म्हणवत नाही. मिस्त्रीलाही भीतीच वाटत होती.

रविवारी मुलगी आली ती खुशीतच. जेवायला बसताना पोटावर हात ठेवून म्हणाली, "आत नुसता धुमाकूळ आहे. पाय म्हणून क्षणभर स्थिर नाहीत. कुणावर गेलंय कोण जाणे!"

बायको वाढता वाढता थांबली.

"तुझ्या आईवर जाऊ दे," मिस्त्री म्हणाला. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"का, तुमच्यावर नको?" मुलगी हसली. तिने पाण्याचा पेला उचलला, डाव्या हाताने. "आणि बाबा, मी हो कुणावर गेले?"

बायकोने डोळ्यांनीच नको म्हटलं. मिस्त्रीने हात बाहेर काढले, टेबलावर मुलीच्या समोर ठेवले, आणि ते उडायला लागले तरी तिथेच राहू दिले.