प्रायित्नोचा कोपरा

माझ्या थोरल्या भावासारखा, सुगोंदोसारखा सरळ माणूस जोग्याकार्तात दुसरा नसेल, आणि त्याच्यासोबत राहायचं म्हणजे डोक्याला ताप आहे. भरतकामाच्या मशीनचे बंद पडलेले प्रोग्राम तो उकलून चालू करून देतो. पण पावती दाखवल्याशिवाय, नक्कल होऊ नये म्हणून विकणाऱ्याने प्रोग्रामला घातलेलं कुलूप उघडत नाही. विकत घेतलेलंच उघडायचं, हा त्याचा नियम.

त्याने स्वतःही केबायाच्या, म्हणजे तिकडच्या बायकांच्या झिरझिरीत पोलक्याच्या, किनारीवर फुलं काढणारा प्रोग्राम लिहिला होता. त्यात एकच खोट होती: कोपऱ्यावर वळताना पाकळी तुटायची. तीन वर्षं डोकं खाजवूनही ती जाईना.

एक दिवस मुर्सिनी नावाच्या शिंपिणीने कुलूप अडकलेला प्रोग्राम आणला. पावती चोख होती. दादाने तो उकलून पाहिला. प्रोग्राम त्याचाच होता. नाव तेवढं बदललेलं, बाकी ‘माफ करा हं, पुन्हा एकदा बघाल का?’ ही चूक झाली की पडद्यावर येणारी त्याची सूचनासुद्धा तशीच. विकणारा होता सोलो शहरातला प्रायित्नो. पण त्याने कोपरा दुरुस्त केला होता!

मुर्सिनीला दादाने कुलूप उघडून दिलं. मी म्हटलं, आता तो कोपरा उचल, प्रोग्राम तुझाच आहे.

“प्रोग्राम माझा आहे. कोपरा त्याचा आहे,” दादा म्हणाला.

मग बाक्पियाचा, म्हणजे मुगाचं सारण भरलेल्या मिठाईचा, खोका घेऊन आम्ही सोलोला गेलो. तासभर प्रायित्नोच्या आईचे गुडघे, त्याच्या मुलीचं लग्न आणि तांदळाचे भाव झाले. मी आतल्या आत धुमसत होते. शेवटी दादा हळूच म्हणाला, “तुमचा कोपरा फार सुरेख आहे. माझाही एक प्रोग्राम आहे, हुबेहूब तुमच्यासारखाच. त्यात तो कोपरा वापरला तर चालेल का?”

प्रायित्नोने तिसरा बाक्पिया संपवला.

“वाईट वाटून घेऊ नका,” तो म्हणाला, “पण लोक असं दुसऱ्याच्या कष्टाचं घ्यायला लागले, तर आम्ही करायचं काय?”

दादाने मान डोलावली आणि त्याचे आभार मानले. बाहेर आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं: चोर समोर बसून आपलाच खाऊ खात होता, तोंडावर सांगायला काय झालं होतं?

“सांगितलं की,” दादा म्हणाला. “हुबेहूब तुमच्यासारखाच, असं स्पष्ट म्हणालो.” थोडं चालल्यावर तो थांबला. त्याचा चेहरा पडला होता. “जरा जास्तच बोललो का गं मी?”