अर्धा करंट

घरातलं व्होल्टेज मोजायला ऑसिलोस्कोप लागत नाही, साधा मीटर पुरतो, हे मी तंत्रनिकेतनात मुलांना दरवर्षी शिकवतो. पण मुलांच्या घरी सासरे आलेले नसतात.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पाऊस बहुधा जुन्या जिल्ह्याच्या वाट्याला गेला होता. (नंतर कळलं, तो तिकडेही नव्हता.) नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही मोटार लावून ओढायचं. आमची मोटार मागच्या पाळीला जळाली. ही बातमी भोकरला पोचली आणि माझे सासरे, म्हणजे मामा, नवी मोटार मांडीवर घेऊन एस.टी.नं दाखल झाले. दुपारी नळ येणार होता. हीही मोटार जळाली तर आठवडाभर पाणी नाही आणि सासुरवाडीत जन्मभर तोंड दाखवायला जागा नाही.

म्हणून आधी लाइन तपासावी, अशा विचारानं मी कॉलेजातून विजेची लाट पडद्यावर काढून दाखवणारा ऑसिलोस्कोप आणला. मीटर घरात होता, पण मीटरनं सासऱ्यावर छाप पडत नाही. मेन स्विच पाडून मी दहापटीचे दोन प्रोब (मोजायच्या तारा) जोडले, म्हणजे आत व्होल्टेजचा दहावाच भाग जातो. एकाचं टोक फेजला, दुसऱ्याचं न्यूट्रलला, आणि दोन्हींचे काळे चिमटे मोकळे.

"हे कशाला लोंबत ठिवले?" मामांनी विचारलं.

"ते अर्थिंगचे, मामा. फेजला लागले तर डबा जाईल, वर आपणही."

मग प्लगची तिसरी पिनच मोडून टाका, भोकरला सगळे तसंच करतात, असं मामांनी सुचवलं. त्यावर मी 'अर्थिंगचे महत्त्व' या विषयावर तासाभराचं व्याख्यान दिलं. मामा झोपले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

स्विच टाकला. फेज एकशेदहा. ठीक, दाब कमी असेल. पण न्यूट्रल, ज्यानं मुकाट शून्याजवळ बसायचं, तोही एकशेदहा! मी बटणं फिरवली, प्रोब अदलाबदल केले, स्कोपच्या पाठीत एक चापट मारली (ही पद्धत अभ्यासक्रमात नाही). काही फरक नाही.

मामा पडद्यासमोर वाकले. म्हणाले, "जिल्हा अर्धा करून दिला, तसा करंटबी दोघांत अर्धा अर्धा वाटला असंल."

हा सिद्धांत खोडायला मी प्रोब पुन्हा अदलाबदल केले. बायको शांता आतून दोनदा विचारून गेली, मोटार लावायची का न्हाई. तेवढ्यात मामांनी डब्याला बोट लावलं आणि मुंग्या आल्या म्हणून मागे सरकले. मी झडप घालून मेन स्विच पाडला, आणि घरातली वीज गेली तसा माझ्या डोक्यात उजेड पडला. मघाशी पडद्यावर एक लाट वर जाताना दुसरी खाली जात होती. दोन्हींतला फरक घेतला तर पुरते दोनशेवीस! व्होल्टेज शाबूत होतं; फक्त ज्या डब्यापासून स्कोप मोजतो, तो डबाच दोन तारांच्या मधोमध लोंबकळत होता. नव्हतं ते अर्थिंग, ज्यावर मी नुकतंच व्याख्यान दिलं होतं.

अंगणातला अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा होता, आणि कोरड्या मातीत अर्थिंग लागत नाही. त्यात रोज बादलीभर पाणी टाकायची घरची पद्धत मीच बंद केली होती. दुष्काळात मातीला पाणी पाजायचं नाही, असा माझा कडक नियम. आणि ओल्या हातांनी वापरायची मोटार बिनअर्थिंगची लावणार कशी? मी शांताकडे बादली मागितली.

"एक तांब्याबी मिळणार न्हाई," ती म्हणाली. "नियम तुमचाच हाय. तुमच्या आंघोळीचं तेवढं उरलंय. त्याचं काय करायचं ते करा."

आंघोळ बुडवणं मला पटेना आणि पाणी नुसतं ओतणं नियमात बसेना. तेव्हा मेन बंदच ठेवून खड्ड्यात मीठ टाकलं, वर पाट मांडला आणि भर दुपारी, चड्डीवर, अख्ख्या गल्लीसमोर मी आंघोळीला बसलो.

त्यानंतर न्यूट्रल शून्याजवळ जाऊन बसला, फेज पूर्ण दिसला, मोटार लागली आणि हौद भरला. मला फार आनंद झाला. मामांना माझ्याहून जास्त. परतताना ते दारोदार सांगत गेले, "जावई लई शिकलेले हायत. त्यांनी आंघोळ केली की करंट येतो."

तेव्हापासून दिवे मंद झाले की आमच्या गल्लीतलं कुणी वीज कचेरीत जात नाही. माझ्या दारात येऊन अदबीनं विचारतात, "सर, आज आंघोळ राहिली का?"